बारा-तेराचा पाना

मेहुणा पुण्याहून सांगतो, पायथनच शिकवा.
दापोलीचे क्लासवाले सर म्हणतात, आधी सी,
पाया भरल्याशिवाय माळा चढू नये.
शेजारच्या पावशांचा पोरगा मोबाईलवर
रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून दाखवतो:
मांजर चालतं, म्याँव करतं, संपलं.
आणि स्वरांगी, वय वर्षं नऊ,
कुणाचंच न ऐकता
पायाच्या खपल्या काढत बसलेली.

मी हर्णै बंदरावर इंजिनं खोलतो.
मला भाषा दोनच येतात,
एक घरची, एक सहा सिलिंडरची.
दुसरी दाऊद सारंगांनी शिकवली.
पहिल्या दिवशी त्यांनी पाना दिला नाही.
चिंधी दिली, रॉकेलचा डबा दिला,
म्हणाले, पूस.
तीन महिने पुसत होतो.
पुसता पुसता कळलं कुठली नळी कुठून येते,
कुठल्या नटाला घाम सुटतो.
मग एका सकाळी बारा-तेराचा पाना
न बोलता हातावर ठेवला.
अजून आहे माझ्याकडे,
तेराचं तोंड झिजलेला.

म्हणून मेहुण्याला विचारलं,
तुमच्या कॉम्प्युटरमधली चिंधी कुठली?
तो हसला, म्हणाला, भावोजी, तसं काही नसतं.
क्लासवाल्या सरांनी फीचा कागद पुढे केला.

शेवटी शाळेतल्या खोतबाईंनी
एक कासव दाखवलं. कासव कसलं,
पडद्यावरचं हिरवं त्रिकोणी टिंब.
पुढे शंभर म्हटलं की शंभर पावलं जातं,
उजवीकडे नव्वद म्हटलं की वळतं,
चालेल तिथे रेघ सोडतं.
चुकीचं सांगितलं तर तुमची चूक
तुम्हाला नीट काढून दाखवतं,
खेकसत नाही.
मला आवडलं. हप्त्यावर जुना लॅपटॉप घेतला.
स्वरांगीने चौकोन काढला, होडी काढली,
शिडाला चुकून दोन काठ्या काढल्या,
आणि पंधरवड्यात कंटाळली.
बाबा, हे कासव खोटं आहे.

मार्चात तिला स्कूटरवर आंजर्ल्याला नेलं,
खरं दाखवायला.
दिवेलागणीची वेळ, दोरीमागे माणसं,
वाळूवर उपडी टोपली.
ती उचलली तर खाली एकवीस पिल्लं,
बिस्किटाएवढी, काळी.
समुद्रावर अजून उजेड शिल्लक होता,
सगळी तिकडे निघाली.
एक मात्र वळलं आणि आमच्या चपलांकडे आलं.
मागे कुणीतरी मोबाईलची बत्ती लावली होती.
राखणदार ओरडला, बंद करा ती,
त्यांना तेवढंच कळतं!
बत्ती गेली. पिल्लू थांबलं.
किती वेळ थांबलं, सांगता येत नाही.
मग आपलं आपण फिरलं.

परतताना पुलावर मागून आवाज आला,
बाबा, त्याला कुणी पुढे शंभर सांगितलं नव्हतं.
नव्हतं, मी म्हटलं.
मग बराच वेळ नुसती स्कूटर.

रात्री तिने लिहिलं:
पाणी लागेपर्यंत
उजेडाकडे तोंड कर, दोन पावलं जा,
पुन्हा बघ.
लॅपटॉपने लाल अक्षरांत नकार दिला.
हे समजणारी भाषा कुठली, तिने विचारलं.
मला काय ठाऊक.
मेहुण्याला फोन लावला.
पहिल्यांदाच त्याच्याकडे नाव तयार नव्हतं.
म्हणाला, भाषेचं नंतर बघू,
उजेड म्हणजे काय, किती लांबचा,
हे आधी तिला ठरवावं लागेल.

तिला निरोप दिला आणि जेवायला बसलो.
हात धुऊन आलो तर बाहेर पडवीत काळोख,
टॉर्च जमिनीवर आडवा ठेवलेला,
आणि उजेड कुठवर पोचतो ते ती मोजत होती,
पट्टी शाळेत विसरली म्हणून
माझ्या पान्याने.
बारा पाने, म्हणाली.
आणि थोडं.